मनाच्या दारावर पहारा: कठीण दिवसांत विचार कसे राखता? (अनुभव धागा)

कंदील
प्रभूमध्ये सर्वांना सलाम. कपाटातलं जुनं पवित्र शास्त्र झटकत होते, फिलिप्पैच्या (पौलाने तिथल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या) पानातून घडी घातलेली चिठ्ठी पडली. तीनच ओळी: विचार काय आला, वचन कोणतं, कुणाला सांगितलं. तेवढ्यावरून धागा काढतेय. कुणावर काय गुदरलं ते नका लिहू, विचार राखायला नेमकं काय करता ते लिहा.

सुरुवात मीच करते. फिलिप्पै ४:७ मध्ये देवाची शांती तुमची मनं आणि विचार राखील असं आहे, त्यातलं "राखील" आपण फार सौम्यपणे वाचतो. मूळ ग्रीक शब्द लष्करी आहे, वेशीवर शिपाई बसवावेत तसा. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिक वसवलेलं गाव, आणि लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत. वाचणाऱ्यांना पहारा म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

क्रम महत्त्वाचा. सहाव्या ओवीत मागणी आणि आभार, सातवीत पहारा, आठवीत मनन. बहुतेक जण थेट आठवीवर उडी मारतात, "चांगलं चांगलं आठव" म्हणतात, आणि पंधरा मिनिटांत मन पुन्हा जागेवर. आधी चिंता एका वाक्यात लिहायची, तीही नावानिशी. "सगळं संपलं" चालणार नाही. "गुरुवारच्या रिपोर्टमध्ये गाठ निघेल" असं लिहा. त्याखाली मागणी, तीही एकच. मग गेल्या चोवीस तासांत घडलेल्या एकाच गोष्टीचे आभार. "आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल" असे छापील आभार मनाला पोचत नाहीत. सगळं मिळून दहा मिनिटं. तास काढलात तर ती प्रार्थना राहत नाही, काळजीच नव्याने उगाळली जाते.

टाचण
चिठ्ठीची पद्धत जुनीच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा संन्यासी होता (मृत्यू ३९९). त्याने त्रासदायक विचारांचे आठ गट पाडले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, जीव न लागणं, फुशारकी, गर्व. आणि एकेका गटातल्या विचारांसमोर शास्त्रातली उत्तरं मांडून ठेवली, चारशेच्या वर. त्यातलं "जीव न लागणं" वाचण्यासारखं आहे. दिवस पन्नास तासांचा वाटतो म्हणतो. अजून खिडकीत जाऊन ऊन बघतोच आपण :)

आपल्याला चारशे नकोत, पाच कार्डं पुरेत. एका बाजूला विचार, जसा डोक्यात येतो तसाच, आपल्याच शब्दांत. दुसऱ्या बाजूला वचन. भीतीला स्तोत्र ५६:३, उद्याच्या काळजीला मत्तय ६:३४, जुन्या अपराधाला रोम ८:१, एकटेपणाला इब्री १३:५, रागाला याकोब १:१९-२०. पाठ करताना पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं ऐन वेळी आठवत नाही. आणि भाषांतर एकच धरा. दोन भाषांतरं मिसळली की जीभ मध्येच अडखळते आणि तेवढ्या वेळात विचार पुढे निघून जातो.

फुलपाखरू७
मी स्टेटसला वचन ठेवते. चालेल ना? 😀

टाचण
चालेल की. पण किती जणांनी पाहिलं ते बघायला दर पाच मिनिटांनी जाल, आणि मग आठांपैकी फुशारकीचं कार्ड काढावं लागेल.

पायरी
कार्डं ठीक, पण ती कधी काढायची? खरी गोम तिथे आहे. पूर्वेकडच्या संन्याशांनी विचाराच्या पायऱ्या सांगितल्यात. आधी विचार नुसता डोकावतो. मग आपण त्याच्याशी बोलू लागतो. मग होकार देतो. मग तो आपल्याला ओढून नेतो, आणि शेवटी सवय होऊन बसतो. डोकावणं पाप नाही, ते थांबवणं कुणाच्या हातात नाही. पहारेकरी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवत नाही, आत शिरणाऱ्याला विचारतो, कोण तू?

जवळून बघा. "तिने फोन उचलला नाही." हे घडलंय, इथवर काही बिघडलेलं नाही. "मुद्दामच उचलला नसेल." इथे बोलणं सुरू झालं. "माझी तिला अडचणच होते." होकार. "मी सगळ्यांनाच नकोसा आहे." झालं, ओढून नेलं. चार वाक्यं, फार तर वीस सेकंद. कार्ड दुसऱ्या वाक्याला काढायचं. चौथ्याला काढलं तर वचन म्हणजे भिंतीवर चेंडू मारल्यासारखं परत येतं, आणि माणूस म्हणतो, माझा विश्वासच कमी.

दुसरं वाक्य ओळखायचं कसं? त्यात "मुद्दाम", "नेहमी", "कधीच", "सगळे" यांपैकी एक शब्द हमखास असतो. आठव्या ओवीच्या यादीत "सत्य" सगळ्यात आधी आहे ते उगाच नाही. श्रवणीय, प्रशंसनीय वगैरे नंतर.

कंदील
पायरी, हे छापून फ्रिजवर लावते.

मोरपंख
प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

मोरपंख
२ करिंथ १०:५ कुणी कसं अजून आणलं नाही? प्रत्येक कल्पना ख्रिस्तापुढे अंकित करणे. अर्थात तिथे पौल मंडळीत (चर्चमध्ये) शिरलेल्या चुकीच्या शिकवणीबद्दल बोलतोय, प्रत्येकाच्या रात्रीच्या काळजीबद्दल नाही. लागू करता येतं, पण संदर्भ माहीत असू द्या. अरण्यात येशूला मोहात पाडताना सैतानानेही संदर्भ तोडून स्तोत्र ९१ च वापरलं होतं. येशूने दिलेली तिन्ही उत्तरं "अनुवाद" या जुन्या करारातल्या पुस्तकातली, ८:३, ६:१६, ६:१३.

ओंजळ
अवांतर: स्तोत्र ९१ काढलं तर माझ्या हातातल्या प्रतीत भलतंच निघालं. छपाईची चूक?

मोरपंख
चूक नाही. जुनी कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स प्रत असेल. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र धरतात, म्हणून पुढचे बरेचसे आकडे एकाने मागे. तुमच्याकडे ते ९० व्या क्रमांकावर असेल. ओव्यांचेही आकडे सरकतात, कारण काही प्रती मथळ्यालाही क्रमांक देतात. ५१ मधलं "शुद्ध हृदय" कुठे १० वं, कुठे १२ वं. कार्डावर आकड्यासोबत पहिले तीन शब्द लिहा, घोळ होत नाही.

ओंजळ
सापडलं!! धन्यवाद दादा (की ताई?)

सुईदोरा
घाईत लिहितेय, भाजी गॅसवर आहे. वरचं सगळं बरोबर, पण एका प्रकारच्या मनाला ते उलटं पडतं. प्रार्थनेतच देवाबद्दल घाणेरडे शब्द येतात, मग माफी मागायची, मग ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा, मग सात वेळा. यात पहारा नसतो, फेरा असतो. १९८७ मधला पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग ऐकला असेल: अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच येत राहतं. इग्नाशियस लोयोला (पुढे येशूसंघ स्थापणारा संत) १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला याच फेऱ्यात होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही समाधान नाही. शेवटी त्याने जुन्या पापांची कबुली थांबवली, तेव्हा सुटला.

अशा वेळी कार्ड काढायचंच नाही. विचार आला, येऊ दे. उत्तर नको, माफी नको, मोजणी नको. जी प्रार्थना चालू होती ती जिथे होती तिथून पुढे, पहिल्यापासून नाही. सल्ला एकाच धर्मगुरूचा, पाच जणांना विचारत फिरायचं नाही. दिवसाचा तास-दीड तास यात जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, यावर उपचार आहेत. आले, करपतंय बहुतेक.

उंबरठा
करपलं का? असो. रात्रीबद्दल कुणीच लिहिलं नाही.

रात्री निर्णय घ्यायचा नाही. इग्नाशियसचाच नियम: मन उजाड असताना आधी ठरलेलं बदलायचं नाही. राजीनामा, लग्न, "मंडळी सोडतो", सगळं सकाळी.

आधी शरीर बघा. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर, पाणी, झोप, आणि हेच पुन्हा एकदा. देवाशी बोलणं त्यानंतर.

झोपेआधी स्तोत्र ४, ९१ आणि १३४. रात्रीच्या प्रार्थनेत ही तिन्ही फार जुन्या काळापासून आहेत. सगळी मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. अडीचला जाग आली तर लांब वाचन नको, दिवा लागला की झोप गेली. श्वासासोबत म्हणायचं: आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". श्वास रोखायचा नाही, ओढूनताणून लांबवायचा नाही, गरगरतं. मोजायचंच असेल तर गाठींची दोरी मिळते, ३३, ५० किंवा १०० गाठींची. पण सुईदोरांनी सांगितलेल्या मनाने दोरी हातात घेऊ नये.

खडूफळा
स्तोत्रांत तक्रारी किती आहेत कुणी पाहिलंय? स्तोत्र १३, सहाच ओव्या, त्यात "किती काळ" चारदा. ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळ नाही. म्हणजे विचार राखायचे म्हणजे हसरा चेहरा राखायचा असं नव्हे. साचा सोपा आहे: हाक, तक्रार, मागणी, भरवसा. चार वाक्यं लिहा. चौथं नाही आलं तर तीनवर थांबा, ८८ लिहिणाराही थांबला होता.

जुनाखांब
कुरकुर करणं पाप आहे. अरण्यात इस्राएल लोकांचं काय झालं?

खडूफळा
ते तंबूत बसून एकमेकांत देवाबद्दल कुरकुरत होते. स्तोत्रकर्ता देवाच्या तोंडावर बोलतो. फरक कुणाशी बोलतोय यात आहे.

जुनाखांब
हं. विचार करतो.

निवडुंग
दुसऱ्याच्या दुःखात वचनं फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी: ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर सगळं बरं होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. रोम ८:२८ ("सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच होतं") प्रेताजवळ म्हणू नका. डबा द्या, औषधं आणून द्या, रोम १२:१५ ("शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा") एवढं पुरे.

आणि मरणाचे विचार येत असतील तर कार्ड, दोरी सगळं बाजूला. त्याच क्षणी जवळच्या माणसाला हाक मारायची, डॉक्टरकडे जायचं, आणि ज्याला सांगितलंय त्याने एकटं सोडायचं नाही. दोन आठवडे झोप, भूक, कशातही रस नाही असं असेल तरीही डॉक्टरकडे जा. चिठ्ठीतली तिसरी ओळ, "कुणाला सांगितलं", रिकामी ठेवायची नाही.

फुलपाखरू७
+१. स्टेटस काढलं. कार्डं किती मोठी करू?

टाचण
पोस्टकार्डाच्या निम्मी, खिशात मावतील अशी. लॅमिनेट नका करू, विचाराची बाजू खोडून नवी लिहावी लागते.

सुईदोरा
करपली. कुणाकडे अपराधाचं कार्ड आहे का जादा?