सोल्डरिंगनंतर बोर्डावर राहणारा पांढरा थर आणि सकाळी चुकणारा पिक काउंटर

मागदुरुस्ती_सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड मी दुरुस्त करतो. महिन्यापूर्वी एका पिक काउंटरच्या (विणताना पडणारे आडवे धागे, म्हणजे पिक, मोजणाऱ्या यंत्राच्या) बोर्डावर सेन्सरचा कनेक्टर बदलला. सोल्डरिंगसाठी डबीतली पिवळी पेस्ट वापरली आणि नंतर कोरोनाच्या काळातले उरलेले सॅनिटायझर घेऊन टूथब्रशने बोर्ड घासला. ओला होता तोवर बोर्ड आरशासारखा दिसत होता, पण वाळल्यावर सोल्डरच्या ठिपक्यांभोवती पिठासारखा पांढरा थर उमटला. माझ्या टेबलावर बोर्ड बिनचूक चालतो, मात्र कारखान्यात पावसाळी सकाळी पिक जास्त मोजले जातात आणि दुपारी ऊन पडले की आपोआप बरोबर येतात. मालकांचा रोख माझ्या सोल्डरिंगवर आहे. हा थर खरोखर दोषी असू शकतो का, आणि तो कशाने धुवावा? शेजारचे रंगारी थिनर वापरा म्हणतात.

जुना_रेडिओवाला

दोषी असू शकतो, आणि आपल्या बाबतीत तर एकाला दोन कारणे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलसोबत १.४५ टक्के ग्लिसरॉल असते. ते हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून घातलेले असते, ते अल्कोहोलबरोबर उडून जात नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणजे बोर्डावर जे नको तेच करते. शिवाय त्यात पाणी बरेच असते. फ्लक्समधली (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावतात त्या पेस्टमधली) राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अल्कोहोल आधी उडाले की मागे उरलेल्या पाण्यात ती पांढरी होऊन बसते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की फ्लक्स विरघळवणे म्हणजे फ्लक्स काढणे नव्हे. ब्रशने आपण घाण एका ठिपक्यावरून उचलली आणि सगळ्या बोर्डावर पातळ करून सारवली. द्रावण उडाले, घाण तिथेच राहिली. म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ब्रशने घासा आणि ते वाळण्याच्या आत बोर्ड तिरका धरून वरून स्वच्छ अल्कोहोलची धार सोडा. खालच्या कडेला न झडणाऱ्या कापडाची घडी लावून सगळे टिपून घ्या. असे दोन-तीन वेळा करा, आणि शेवटच्या खेपेला ब्रशही नवा घ्या, कारण जुन्या ब्रशच्या केसांतच अर्धी राळ बसलेली असते.

सकाळच्या चुकीचा हिशोबही सोपा आहे. सेन्सरच्या वाटेवर ५ व्होल्टला जोडलेला १ मेगाओहमचा रेझिस्टर असेल आणि ओलसर थरातून जमिनीकडे (बोर्डाच्या ग्राउंडकडे) २ मेगाओहमची गळती झाली, तर त्या ठिकाणी ५ ऐवजी सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. पुष्कळ सीमॉस प्रकारच्या चिपना सिग्नल 'एक' (म्हणजे चालू) समजण्यासाठी ३.५ व्होल्ट लागतात. मग मागाच्या हादऱ्याने किंवा मोटरच्या खरखरीने पातळी खालीवर झाली की प्रत्येक हेलकावा पिक म्हणून मोजला जातो. खात्री करायची असेल तर वीज काढून, सेन्सर सोडवून, ती वाट आणि जमीन यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा आणि बोर्डावर तोंडाने वाफ सोडा. आकडा झरझर उतरला तर चोर सापडला.

वायंडिंग_आणि_पॅनल

थिनर अजिबात नको. त्यातल्या टोल्युइन, ॲसिटोनसारख्या द्रव्यांनी कनेक्टरचे काही प्लास्टिक भेगाळते आणि बोर्डावरची छपाई पुसली जाते. उघडा रिले, बझर किंवा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) असेल तर त्यात अल्कोहोलही जाऊ देऊ नका, नाहीतर विरघळलेली राळ संपर्कावर जाऊन बसेल आणि नवे दुखणे लागेल. अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते आणि सोलापुरात पारा तिथवर क्वचितच उतरतो, तेव्हा सोल्डरिंगची इस्त्री थंड झाल्याशिवाय बाटली उघडू नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कापसाची तूस. चिकट फ्लक्सवर ती गालिच्यासारखी बसते आणि ओलावा धरून ठेवते. धुण्याआधी ती कोरड्या ब्रशने झाडून घ्या, ओली झाल्यावर चिपच्या पायांमध्ये गुंततेच.

एसएमडी_शिकाऊ

एक शंका. 'नो-क्लीन' फ्लक्स धुऊ नये असे वाचले आहे, मग धुण्याचा एवढा आग्रह कशाला?

जुना_रेडिओवाला

वाचलेत ते बरोबर आहे, पण पूर्ण तापलेल्या नो-क्लीनबद्दल. त्यात आम्लधर्मी द्रव्ये राळेच्या कवचात बंद राहतात, म्हणून तो तसाच ठेवता येतो. मात्र अर्धवट धुतला तर कवच फुटते आणि आतले उघडे पडते, तेव्हा एकतर हात लावू नका, नाहीतर शेवटपर्यंत धुवा. पाण्यात विरघळणारा फ्लक्स मात्र ठेवताच येत नाही; तो कोमट पाण्याने धुऊन शेवटी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळावा, कारण बोअरचे जड पाणी वाळले की स्वतःचाच पांढरा थर ठेवते. डबीतली पेस्ट नळजोडणीची असेल, म्हणजे तिच्यात झिंक क्लोराइड असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर असूच नये.

मागदुरुस्ती_सोलापूर

सर्वांचे आभार. वाफेचा प्रयोग केला. आधी ८ मेगाओहमच्या आसपास असलेला आकडा दोन श्वासांत १ च्या खाली आला. सांगितल्याप्रमाणे तीन वेळा धुऊन, हॉट एअर दुरून आणि मंद ठेवून बोर्ड वाळवला. आता वाफ सोडली तरी मीटर 'ओएल'च (मोजण्यापलीकडचा रोध, म्हणजे गळती नाही) दाखवतो. पेस्टची डबी फेकून दिली, तिच्यावर घटक लिहिलेलेच नव्हते. सलग चार सकाळी पिक बरोबर आले, म्हणून मालकांनी आणखी दोन मागांचे बोर्ड पाठवले आहेत. त्यांवरही तोच पांढरा थर आहे, आणि ते दोन्ही मार्चमध्ये मीच दुरुस्त केलेले आहेत.