म्युझिक व्हिडिओतला कॅमेरा कसा बघायचा? सल्ला हवा आहे (ट्यूबलाइटने घात केलेल्यांनी जरूर यावे)

निम्मा_पडदा

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

कोथरूडात आमच्या मित्रांचा तिघांचा बँड आहे. एक मराठी गाणं स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलंय. ३ मिनिटं ४० सेकंद, संथ, ८४ बीपीएम (मिनिटाला ८४ ठोके). त्याचा व्हिडिओ मी करायचा असं ठरलं, कारण माझ्याकडे कॅमेरा आहे. (एवढीच पात्रता.) एकूण १८ हजार होते, त्यातले ७ गेले. एक हॉल घेतला, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) भाड्याने आणला, दिवसभर गोल गोल फिरून शूट केलं. घरी येऊन बघतो तर सगळ्या फुटेजवर काळसर आडवे पट्टे सरकतायत. आणि पट्टे सोडले तरी काहीतरी बेक्कार वाटतंय, लग्नाच्या हायलाइट्ससारखं.

आता पुन्हा शूट करायच्या आधी नीट अभ्यास करावा म्हणतोय. रॅपर हनुमानकाइंडचा 'बिग डॉग्ज' वीसेक वेळा पाहिला. भारी आहे हे कळतं, *का* भारी आहे हे शब्दांत सांगता येत नाही. तर प्रश्न असे: १) असा व्हिडिओ बघताना नेमकं काय टिपायचं? २) अजून काय बघू? कमी पैशांतले असतील तर उत्तम. ३) पट्ट्यांचं काय करू?

सातारी_खवट

इतकं चिरफाड करून बघितलं की गाण्याची मजा जाते राव. आधी तिसऱ्या प्रश्नाचं कुणीतरी उत्तर द्या, बाकीचं नंतर.

लोलक

खवटराव म्हणतात तसं पट्ट्यांपासूनच सुरू करतो. (दहा वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो. आता जाहिरातींचं काम करतो.)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. तुमचा कॅमेरा बहुतेक सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० शटरवर (प्रत्येक चित्रासाठी १/६० सेकंद प्रकाश) होता, विकत घेतला तेव्हा होता तसाच. १/६० मध्ये प्रकाशाची स्पंदनं पूर्ण संख्येत बसत नाहीत, म्हणून पट्टे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एनटीएससीऐवजी पाल (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी पद्धत) निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम ठेवलीत तर १/१००. २४ फ्रेमचाच हट्ट असेल आणि कॅमेऱ्यात शटर अंशांत मांडता येत असेल तर १८० ऐवजी १७२.८ अंश ठेवा, म्हणजे तेच १/५०. स्वस्त एलईडी मात्र याही हिशोबाला जुमानत नाहीत, विशेषतः मंद करायचं बटण असलेले. त्यांच्याखाली आधी दोन मिनिटं चाचणी शूट घ्या आणि तिथेच मोठ्या पडद्यावर बघा. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर पट्टे लपतात.

आता पहिला प्रश्न. मी नव्या पोरांना आवाज बंद करून बघायला लावतो आणि एकच विचारतो: हलतंय कोण? कॅमेरा, माणूस, की भोवतालचं?

तुमचाच व्हिडिओ घ्या. २०२४ चा, दिग्दर्शक बिजॉय शेट्टी, शूट केरळात पोन्नानीला. जागा कुठली? मौत का कुआँ. आपल्याकडे जत्रेत, उरुसात ज्यांनी फळ्यांचा तो थरथरता कठडा धरून खाली वाकून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माणूस तळाशी उभा राहून रॅप करतोय आणि त्याच्या भोवती भिंतीवरून मोटरसायकली आणि गाड्या घिरट्या घालतायत. म्हणजे गरगर आहे ती *जागेची*. कॅमेऱ्याला वेगळी नाचानाच करायची फारशी गरज उरत नाही. तुम्ही हॉलमध्ये काय केलंत? तिघे गुमान उभे होते आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरत होता. गरगर तीच, पण कारणाशिवाय. लग्नाचा व्हिडिओ आठवतो तो त्यामुळे.

थोडं आकड्यांत सांगतो. कुआँचा व्यास १० मीटर धरा, म्हणजे परीघ साधारण ३१ मीटर. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटरने फिरली तर एक फेरी पावणेतीन ते तीन सेकंदांत. तळाशी मधोमध उभं राहून तिच्यासोबत कॅमेरा फिरवलात तर सेकंदाला जवळजवळ १३० अंश फिरावं लागेल. १/५० शटरला एका फ्रेममध्येच भिंत अडीच अंश सरकते. म्हणून स्वार रेखीव आणि मागच्या फळ्या पुसलेल्या. आणि त्याच जागी तुम्ही कॅमेरा न फिरवता तळातल्या माणसावर रोखून धरलात तर उलटं, माणूस रेखीव आणि मोटरसायकल म्हणजे एक फराटा. कॅमेरा तोच, जागा तीच. कुणासोबत जायचं एवढं ठरवलं की चित्राचा अर्थ बदलतो.

पुढचं जेवल्यावर लिहितो.

अनुस्वार

वाखूसा (वाचनखूण साठवली)! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

जुनाखांब

कमी पैशांतलं हवंय ना? मग 'ओके गो' या बँडचा २००६ चा ट्रेडमिलवाला बघा. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एक टेक, आणि कॅमेरा ढिम्म हलत नाही. गायकाच्या बहिणीने बसवलेला नाच आहे, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. ट्रेडमिलवाल्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी घराच्या मागच्या अंगणात असाच स्थिर कॅमेऱ्यासमोर नाच करून एक व्हिडिओ केला होता, तो तर अजूनच फुकटातला.

लोलक यांच्या प्रश्नाला इथलं उत्तर: जमीन हलतेय! कॅमेरा जरासुद्धा हलला असता तर जमीन हलतेय की कॅमेरा, या घोळात गंमत गेली असती.

अनुस्वार

मग मी पण भर घालते. मॅसिव्ह अटॅकचं १९९१ चं 'अनफिनिश्ड सिम्पथी'. लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेवार्डवरून गायिका शॅरा नेल्सन चालत जाते, सगळं एका स्टेडिकॅम शॉटमध्ये (कॅमेरा अंगाला बांधून, धक्के न बसता चालत घेतलेला). आजूबाजूला रस्त्यावर काय काय चाललंय, तिला त्याचं काही नाही. इथे ती आणि कॅमेरा बरोबरीने हलतात, म्हणून ती दोघं जणू जागच्या जागी आणि रस्ताच मागे सरकतोय असं वाटतं. रडणं नाही, क्लोजअपमध्ये अश्रू नाहीत, तरी पोटात तुटतं.

निम्मा_पडदा, सिंगल टेक करा ना! एडिटिंगचा खर्चच नाही.

लोलक

अनुस्वारताई, उदाहरण अगदी बरोबर, सल्ला मात्र घातक. :) सिंगल टेकमध्ये एडिटिंगचा खर्च वाचतो तो तालमीत दामदुप्पट जातो. तीन मिनिटं चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी कुत्रा मध्ये आणतो आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्या व्हिडिओला नको.

आता तक्ता. वही घ्या, रकाने आखा: शॉट क्रमांक, कुठून कुठपर्यंत, चौकट (चेहरा, कंबरेपर्यंत, पूर्ण माणूस, दूरचं), हलतंय कोण, उजेड कुठून, आणि शेवटचा रकाना *गाण्यात त्या क्षणी काय होतंय*. शेवटचा रकाना लोक टाळतात आणि सगळी मेख तिथेच असते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जातो, स्वल्पविरामाने मागे. व्हीएलसीमध्ये ई.

तुमचं गाणं ८४ बीपीएम, २२० सेकंद. म्हणजे ३०८ ठोके, चार-चारच्या हिशोबाने ७७ आवर्तनं. २५ फ्रेमला एक ठोका म्हणजे जवळपास १८ फ्रेम. दुसऱ्याचा व्हिडिओ मोजताना बघा, कट ठोक्यावर पडतोय की दोन-तीन फ्रेम आधी की सरळ ठोका चुकवून. प्रत्येक ठोक्यावर कट म्हणजे पीटी. चांगले एडिटर बहुधा ओळीचा श्वास धरून कापतात आणि ठोका एखाद्याच जागी वसूल करतात. याला अपवाद बघायचा तर व्हाइट स्ट्राइप्सचा २००३ चा 'द हार्डेस्ट बटन टू बटन', दिग्दर्शक मिशेल गाँड्री. ठोका पडला की नवा ड्रम संच शेजारी उगवतो, पडला की उगवतो, न्यूयॉर्कभर ड्रमची रांग. तिथे ठोका हाच विषय आहे, म्हणून चालतं. माणसं धड चालत नाहीत, कॅमेऱ्याची कसरत नाही, तरी व्हिडिओ धावतो.

सातारी_खवट

हे वाचून गाँड्रीवाला बघितला. बायकोने विचारलं इतकं हसताय काय. शब्द मागे घेतो.

अवांतर: ते कोल्डप्लेचं 'यलो' पण सिंगल टेक आहे ना? समुद्रकिनाऱ्यावर भिजलेला माणूस चालत येतो. आणि त्याचे ओठ बरोबर हलतात पण बाकी सगळं हळू कसं?

लोलक

हो, डॉर्सेटमधली स्टडलँड बे. युक्ती सोपी आहे. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या वेगात ओठ हलवायचे, शूट ५० फ्रेमला करायचं आणि २५ ने चालवायचं. ओठ जागेवर येतात आणि केस, लाटा, पाऊस तरंगत राहतात.

निम्मा_पडदा, तुमच्या गाण्याला हे जमेल. गाणं १६८ बीपीएमवर वाजवा, एक टेक ११० सेकंदांत संपेल. फक्त गायकाला आदल्या दिवशी घरी सराव करू द्या, नाहीतर तो सेटवर हसून मरेल. आणि सूर न बदलता वेग वाढवणारं सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर चिपमंक ऐकून बाकीचे मरतील. उजेड भरपूर लागतो हे लक्षात ठेवा, १/१०० शटरला निम्माच प्रकाश आत येतो. संध्याकाळी सहानंतर ही युक्ती विसरा.

जुनाखांब

रंगाबद्दल कुणी बोललंच नाही. आजकाल प्रत्येक इंडी व्हिडिओला नारिंगी-निळसर किंवा जुन्या फिल्मसारखे खोटे दाणे टाकून '१६ एमएम' करतात. माझं मत: दाणे नंतर टाका, आधी भिंतीचा रंग आणि कपडे ठरवा. ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर रंग सुधारण्यात) सहा तास घालवून जे येत नाही ते पिस्ता रंगाच्या भिंतीसमोर मरून रंगाचा शर्ट घालून फुकटात येतं.

लोलक

+१. यात वाद नाही.

निम्मा_पडदा

सगळ्यांना दंडवत. शनिवार-रविवार वही घेऊन बसलो. बाहेरच्यांचे दोन व्हिडिओ केले आणि मग मन घट्ट करून आमच्याच फसलेल्या शूटचा तक्ता केला. 'हलतंय कोण' या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच शब्द: कॅमेरा, कॅमेरा, कॅमेरा. एकोणचाळीस शॉट.

चाळिसावा वेगळा निघाला. भाड्याच्या गिंबलची बॅटरी मेली तेव्हा कॅमेरा अँपवर (गिटारच्या स्पीकरपेटीवर) टेकवून ठेवला होता आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. ड्रमरचे फक्त हात आणि स्नेअर ड्रमच्या कडेवर ठेवलेला चहाचा कप. दर ठोक्याला कपातल्या चहात गोल तरंग उठतोय आणि तिसऱ्या ओळीला थोडा चहा सांडतो. बावीस सेकंद, काही न करता. पट्टे त्यातही आहेत, पण सात हजारांत हाच एक शॉट बघावासा वाटला. तोच पुन्हा, नीट उजेडात, घ्यायचा ठरवलाय.

शेवटच्या कडव्यासाठी मात्र कॅमेरा हलायलाच हवा, गाणं तिथे उघडतं. गायिका गल्लीतून चालत येणार, आम्ही तिच्यापुढे मागे मागे जाणार. पुन्हा गिंबल घेऊ का?

लोलक

केळीवाल्याची हातगाडी घ्या. हवेच्या चाकांची हवी, भरीव रबराची नको. हवा थोडी कमी करा, वर गादी, गादीवर कॅमेरावाला मांडी घालून, कोपरं गुडघ्यांवर. ढकलणारा एक, आणि मागचे खड्डे बघून ओरडणारा दुसरा. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर नको, गायिकेच्या छातीच्या उंचीवर ठेवा, गाडीची उंची बरोबर तिथेच येते. आणि वाइड लेन्स. टेलीवर (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) खडीचा प्रत्येक धक्का दिसतो.

निम्मा_पडदा

कोपऱ्यावरचे काका द्यायला तयार आहेत. पण म्हणतात रविवारी धंदा असतो, सोमवारी न्या. सोमवारी आमच्या बेसिस्टला ऑफिस.

सातारी_खवट

तक्ता बघा, बेसिस्ट किती सेकंद आहे?

निम्मा_पडदा

सात.

सातारी_खवट

सोमवारी करा.