आमचे बँडसर: ज्यांनी त्यांच्यासोबत वाजवलं, त्यांनी लिहा

सर गेले. पेपरात चार ओळी आल्या, त्यात 'माजी संगीत शिक्षक' एवढंच. सोलापुरात त्यांना ओळखणारे दोन तऱ्हेचे, शाळेतले आणि वरातीतले. सकाळी पांढऱ्या कपड्यांत राष्ट्रगीत बसवणारा आणि रात्री लाल कोट घालून घोड्यापुढे क्लॅरिनेट वाजवणारा माणूस एकच, हे कित्येक पालकांना पचायचं नाही. दोन्हीकडच्यांनी लिहा. नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' नको, सरांनाच ते चाललं नसतं.

सुरुवात मीच करतो. मी ट्रम्पेटला होतो. ट्रम्पेटला कळा तीनच. सर फळ्यावर वर सरगम लिहायचे आणि खाली दाबायच्या कळांचे आकडे (13 म्हणजे पहिली आणि तिसरी, 0 म्हणजे एकही नाही): सा 0, रे 13, ग 12, म 1, प 0, ध 12, नि 2. सा आणि प दोन्हींना शून्य! मी विचारलं, "सर, मग फरक कसा कळणार?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "बोटं नंतर बे. आधी हे."

मग भिंतीसमोर उभं करायचे. वहीच्या पानाचा तुकडा भिंतीला लावायचा, हात काढायचा आणि फुंकरीनं तो तिथंच धरायचा. कागद घसरला की पुन्हा. पोटातून श्वास घेतल्याशिवाय तो राहतच नाही. वाद्य हातात यायला दिवाळी उजाडली.

साइड ड्रम: आम्ही पूर्व भागातले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी. बँडमध्ये मुली घ्यायचं ठरलं तेव्हा नायना, म्हणजे वडील, सरळ नाही म्हणाले, मुलीच्या जातीनं गळ्यात ड्रम अडकवून रस्त्यावरनं जायचं का म्हणून. सर घरी आले. पुढच्या खोलीत माग चालू होता, नायना तो बंद करायला उठले, तर सर म्हणाले, "राहू द्या." चहा येईपर्यंत मांडीवर बोटांनी मागाचा ठेका धरून बसले. मग मला म्हणाले, "ह्याच्यावर डावा-उजवा सारखा वाजव. डावा हात कच्चा पडला की तुला लगेच ऐकू येईल." नायनांशी बोलले ते फक्त सुताच्या भावाबद्दल. परवानगी कधी मिळाली ते मला आजही सांगता येणार नाही, पण 26 जानेवारीला नायना रस्त्याच्या कडेला उभे होते. मी मात्र माग चालू असतानाच सराव करायचे, म्हणजे अम्माच्या शिव्या ऐकू यायच्या नाहीत.

बिगुल: बिगुलला कळच नाही, त्यामुळे रे, म, ध, नि विसरायचं. सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प, संपला संसार. 12 जानेवारीला, म्हणजे 1931 साली मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली त्या दिवशी, सर आम्हाला चार पुतळ्यांपाशी न्यायचे. ताकीद एकच: शेवटचा सूर संपला की बिगुल लगेच खाली घ्यायचा नाही.

युफोनियम, वरातीतला: मी शाळेतला नाही, त्यांच्या पार्टीत होतो. लोकांना वाटतं बँडवाल्याची कसोटी वरातीत लागते. चूक. खरी कसोटी मंगलाष्टकांना. क्लॅरिनेटची पत्ती ओली असली तरच बोलते. म्हणून मास्तर शेवटच्या कडव्याला पत्ती तोंडात धरून तयार. तेवढ्यात नवऱ्याच्या मामाला हुक्की यायची, "माझं एक राहिलंय." त्याचं झालं की आत्याबाई. मास्तर तोंड न उघडता आमच्याकडं बघायचे, आम्हाला हसू आवरायचं नाही. पण 'सावधान' झालं आणि अक्षता पडल्या की पहिला सूर अचूक त्यांचाच.

त्यांचं क्लॅरिनेट लाकडी. लगीनसराई एप्रिल-मे, सोलापूरचं ऊन चाळिशीच्या पार. लाकूड तडकू नये म्हणून पेटीत संत्र्याची ताजी साल ठेवायचे. उन्हात पितळ सुद्धा सुराला चढतं, म्हणून निघायच्या आधी रस्त्यावरच प्रत्येकाची नळी थोडी बाहेर ओढायला लावायचे. वरातीत कोण ऐकतंय सूर? पण नाही. डीजे आल्यावर सुपाऱ्या आटल्या, पार्टी मोडली. मास्तरांनी कोट मात्र विकला नाही.

नाव नको: मी वेगळं लिहितो. मला सरांचा त्रास झाला. ठेका चुकला की ड्रमच्याच काडीनं बोटांवर मारायचे. मी महिन्याभरात बँड सोडला आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. सगळे गोड लिहितायत म्हणून हेही असू द्या.

धागाकर्ता: असू द्या. मारायचे, खरं आहे.

शिक्षक खोलीतून: मी त्यांच्यासोबत नोकरी केली. बरीच वर्षं ते मानधनावर होते, तासाप्रमाणे; कायम झाले तेव्हा केस पिकलेले. 15 ऑगस्टला पाऊस हटकून यायचा, ड्रमची चामडी सैल पडायची. पहाटे मैदानाच्या कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं पेटवून ड्रम शेकत बसलेले असायचे, आच लागू न देता, टिचकी मारून कान लावत. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. त्यांच्या बँडचं 55 झालं तर मुख्याध्यापकांना कळायचं नाही, पण त्यांचा दिवस खराब जायचा.

नाव नको: पार्टीवाल्या काकांना एक विचारतो. वरातीत कोणी "ए बँडवाले" अशी हाक मारली तर सर बघायचे का? शाळेत तर 'सर' म्हटल्याशिवाय मान वळायची नाही.

युफोनियम, वरातीतला: बघायचे की. आणि म्हणायचे, "बोला मालक. राहिलेले पैसे आणलेत का?"