साकुरामोचीला पान कुठलं वापरू?

निशिगंध (सहकारनगर):
नमस्कार. आमच्या जपानीच्या वर्गाचा २० मार्चला छोटासा कार्यक्रम आहे आणि खाऊ माझ्याकडे आलाय. साकुरामोची करायची फार इच्छा आहे. गुलाबी गोळा, आत गोड सारण, वरून चेरीचं खारवलेलं पान. काल आंबेमोहोराच्या पिठीची उकड काढून करून पाहिली. गरम असताना छान होती, दोन तासांत कडक झाली आणि कडा तडकल्या. पान म्हणून हळदीचं लावू म्हटलं, तर मंडईतल्या मावशी म्हणाल्या, "श्रावणात ये." काय करू?

एरंडवण्याची काकू:
निशिगंध, ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं क्योतोत होतो, तिथे शेजारच्या आजींकडे शिकले ते सांगते.

उकड बिघडली यात तुझा दोष नाही. आंबेमोहोर गार झाला की घट्ट होतो. जपानी मोचीचा तांदूळ जातीनेच चिकट असतो, म्हणून गार झाला तरी मऊ राहतो. आसामचा बोरा तांदूळ त्याच जातकुळीतला, तो मागव. क्योतोकडे असा तांदूळ भिजवून, वाफवून, वाळवून त्याची जाडसर कणी करतात. तिला दोम्योजी म्हणतात. तोंडात एकेक दाणा कळतो. तोक्योकडची साकुरामोची वेगळीच असते: मैद्याचं पातळ गुलाबी घावन आणि त्यात सारणाची वळी. बोरा वेळेत आला नाही तर सरळ ती कर. रंगाला बीटच्या रसाचे दोन थेंब बास.

पानाचं मात्र ऐक. चेरीच्या ताज्या पानाला तो वास नसतोच, मिठात मुरल्यावर येतो. सगळी मजा त्या खारट वासाची. दुसरं हिरवं पान गुंडाळलं तर नुसती शोभा होईल. मी तरी लावणार नाही.

आणि तारीख बघ ना! २० मार्च म्हणजे हिगान चालू. दिवस-रात्र सारखे होतात त्याच्या आगेमागे मिळून सात दिवस, आपल्या पितरांना आठवायचे. तेव्हा बोतामोची करतात, म्हणजे बाहेरून गोड पुरण लावलेला चिकट भाताचा गोळा. 'बोतान' म्हणजे पिओनी, वसंतातलं फूल. तोच पदार्थ सप्टेंबरच्या हिगानला केला की ओहागी होतो, कारण तेव्हा 'हागी' फुलतं. कृती जवळपास तीच, नाव तेवढं ऋतूचं. तो सप्टेंबरचा हिगान आपल्या पितृपक्षाच्या आसपासच येतो.

आमचे नाना गेले त्या वर्षी आजींनी मला ओहागीची ताटली आणून दिली. मी ती नानांच्या फोटोपुढे ठेवली, आजी दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. अजून डोळ्यांपुढे आहे.

बोतामोचीला पान लागत नाही. चिकट भात शिजवून अर्धवट कुटायचा, थोडे दाणे राहू द्यायचे. मिठाच्या पाण्याने हात ओला करून लिंबाएवढे गोळे करायचे. अझुकी (तिकडचं बारीक लाल कडधान्य) नसेल तर लाल चवळी शिजवून, साखर घालून पुरणासारखी आटवायची. पळी उभी राहिली की उतरवायची. मग तळहातावर ओलं फडकं, फडक्यावर पुरणाची पारी, मध्ये भाताचा गोळा, आणि फडकं चारी बाजूंनी उचलून मिटायचं. मोदकात पुरण आत असतं, इथे बाहेर. त्याच दिवशी संपवायच्या. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, भात टणक होतो.

पळसपान:
काकूंशी सहमत. जोडीला नेरिकिरी, म्हणजे फुलापानांचे आकार दिलेली जपानी मिठाईही करता येईल. पांढरा राजमा रात्रभर भिजवून सालं काढायची, शिजवून चाळणीतून घासायचा, फडक्यात पिळून साखरेबरोबर आटवायचा. चिकट पिठीचा थोडा गोळा मिसळला की हवा तो आकार देता येतो. मार्चात आपल्याकडे पळस फुललेला असतो, तो करा. गाजराच्या रसाने केशरी रंग येतो, पाकळीची वाकडी चोच बोटांनीच ओढायची.

निशिगंध:
काकू, नानांचं वाचून घरात आईलाही वाचून दाखवलं. बोतामोचीच करते. बोरा तांदूळ मागवला, गुरुवारपर्यंत येईल. रविवारी आधी चार करून बघते आणि फोटो टाकते. पुरण सैल वाटलं तर सांगाल ना?

एरंडवण्याची काकू:
सांगते. फडकं घट्ट पिळून घे. पाणी राहिलं की पारी सुटते.