‘लेफ्ट सायडेड पोर्टल हायपरटेन्शन’ला मराठीत काय म्हणाल?

मावशीच्या डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलंय. घरात सगळ्यांनी ‘डाव्या अंगाचं बीपी’ असा अर्थ लावला आणि तिचं मीठ बंद केलं. दंडाला पट्टा बांधला तर आकडा 124/78. मोबाइल म्हणतो, ‘डावा प्रवेशद्वारीय उच्च रक्तदाब’. तिला स्वादुपिंडाची जुनी सूज आहे, एवढं कळलं.

— डॉक्टरांनी दुसऱ्या कशासाठी मीठ बंद केलं नसेल, तर आमटीत घाला बिचारीच्या. दंडावर मोजतात तो रोहिणीतला दाब, हा शिरेतला. लॅटिन ‘पोर्टा’ म्हणजे वेस. आतडी, जठर, प्लीहा यांचं रक्त जिच्यातून यकृतात शिरतं ती पोर्टल व्हेन. सिऱ्होसिसमध्ये यकृतच निबर होतं, म्हणून वेशीवर कोंडी होते. इथे वेस मोकळी आणि यकृत सहसा निकोप. अडतं ते वेशीकडे येणाऱ्या डाव्या रस्त्यावर, म्हणजे प्लीहेच्या शिरेत. ही शीर स्वादुपिंडाच्या पाठीला लागून जाते. ते सुजलं, त्याच्याशेजारी पाण्याची पिशवी धरली किंवा कॅन्सरची गाठ वाढली, की शीर चेपते, आत गुठळी होते. मग प्लीहेचं रक्त जठराच्या वरच्या भागातल्या बारीक शिरांतून वाट काढतं. त्या फुगतात. एखादी फुटली की रक्ताची उलटी, नाहीतर डांबरासारखी काळी शी.

— म्हणजे हा दाब नव्हे, तुंबणं! आम्ही सांगलीकर याला फुगवटा म्हणू. पुढे अडलं की मागे पाणी चढतं, हे आम्हाला कृष्णेने शिकवलंय.

— ‘फुगवटा’ म्हटलं की लोकांना गॅस वाटेल. आणि ‘प्लीहा’ तरी घरात कोण म्हणतं? आमची आजी हिवतापात ‘पानथरी वाढली’ म्हणायची. ‘पानथरीची शीर तुंबलीय’ म्हणा, झालं.

— ‘डावा’चं काय? याला ‘सिनिस्ट्रल’ही म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सिनिस्टर’ म्हणजे डावा, इंग्रजीत तोच अशुभ झाला. आपण तरी कुठे कमी, ‘डावं-उजवं’ करतो, ‘डावलतो’. पण कुणी ‘वामप्रतिहारी’ वगैरे घडवायला बसू नका, हात जोडतो.

— ‘तुंबणं’ला माझं मत, कारण उपचारही त्याच शब्दाने समजतात. रक्त वाहत असेल तर दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेत सायनोअ‍ॅक्रिलेट टोचतात. घरातल्या फेव्हिक्विकच्याच जातीचा गोंद. पण तुंबलेल्या पाण्याचा उगम पानथरी. ती काढली की ओघच थांबतो. ऑपरेशन झेपणार नसेल तर पानथरीची रोहिणी आतून बंद करतात. सिऱ्होसिसवाल्यांना यकृतातून बसवतात ती टिप्सची नळी इथे कामाची नाही, वेस मोकळीच आहे ना. रक्तस्राव कधी झालाच नसेल, तर पानथरी काढायची घाई सहसा करत नाहीत. लक्ष ठेवतात आणि स्वादुपिंडाचं बघतात. ठरवून काढायचीच असेल तर निदान 2 आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिबच्या लसी घ्यायला सांगतात, कारण पानथरीशिवाय हे जंतू फार झपाट्याने पसरतात.

— मावशीला ‘पानथरीची शीर तुंबलीय’ सांगितलं. लगेच म्हणाली, “मग मोरीसारखी काठी घालून मोकळी नाही का करता येत?”

— निवडक रुग्णांत शिरेत स्टेंट घालतात. पण गुठळी जुनी होऊन शीर आकसली असेल, तर काठी शिरायलाच जागा उरत नाही.