तांत्रिक मजकूर आपसात तपासायचा की शेतकऱ्याच्या हाती द्यायचा? (असा मजकूर लिहिणाऱ्या तिघांची चर्चा; नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

दारव्हा: फवारणीची पत्रकं, ठिबक दुरुस्तीच्या पुस्तिका लिहिणारे तालुक्यात चार-पाच जण तरी निघतील; तपासणारा कोणीच नाही. महिन्यातून एकदा वाचनालयात दोन तास बसू. प्रत्येकाची दोनच पानं, छापील प्रत तीन दिवस आधी. शेरे तीन तऱ्हेचे: चूक, कळत नाही, आवडलं नाही. पहिला दुरुस्त करायचाच, दुसऱ्यावर विचार, तिसरा सोडला तरी चालेल. शेरे चालू असताना लेखकानं खुलासा करायचा नाही. पत्रकासोबत तो काही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहणार नाही.

आर्वी: भाऊ, मला हे पटत नाही. लिहिणाऱ्यांना विषय पाठ असतो, म्हणून गळालेली ओळ दिसतच नाही. निंबोळी अर्काचं घ्या. "5 किलो निंबोळ्या कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा" एवढंच छापलं आणि "पाणी घालून 100 लिटर करा" राहून गेलं, तर आपण सगळे ते मनातच भरून वाचू. नवखा माणूस तेच 10 लिटर पंपात ओतेल. 5 टक्क्यांऐवजी दहापट दाट, नोझल तुंबणार. पत्रक एखाद्या मजुराच्या हाती द्या, बादली द्या, आणि तो कुठं अडतो ते बघा.

दारव्हा: आणि जिथं तो अडत नाही तिथं? कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5, म्हणजे एकरी 2. "एकरी 5" छापलं तर तो पाच बांधून मोकळा होईल. सापळ्यात नुसता खर्च वाढतो. औषधाच्या मात्रेत हीच चूक म्हणजे अडीचपट विष. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. मात्रेचा आकडा दोघांनी वेगवेगळा गुणून पाहिल्याशिवाय छपाईला जाऊच नये.

पुसद: गट मोडतात ते भलत्याच कारणानं. दीड तास ऱ्हस्व-दीर्घात जातो आणि "10 लिटरला 20 मिली" म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30, हे कोणी तपासत नाही. आधी आकडे, मग क्रम, वेलांट्या घरी. दुसरं, तालुक्यात सगळे ओळखीचे. सरांचा कागद असला की धाकटे गप्प. म्हणून शेरे आधीच लेखी, बिननावाचे. कंपनीचं काम असेल तर परवानगीशिवाय आणू नका. नाव खोडलं तरी आकृतीवरून पंप ओळखू येतो.

आर्वी: बिननावाचे शेरे चालतील. पण दर बैठकीत एक तरी पत्रक करून पाहिलं गेलंच पाहिजे, नाहीतर मी त्यात नाही. आणि पेरणीच्या तोंडावर बैठक ठेवू नका, करून दाखवायला माणूसच मिळणार नाही.