ऊसतोड बायकांची बातमी करायला अमेरिकेचा पैसा लागतो, आपला का नाही?

फडकरी
मार्च २०२४ मधली न्यूयॉर्क टाइम्सची महाराष्ट्रातल्या साखरेवरची स्टोरी बऱ्याच जणांनी वाचली असेल. फुलर प्रोजेक्ट म्हणून तिकडची एक ना-नफा संस्था आहे, तिच्यासोबत मिळून केलेली. मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ती फिटत नाही म्हणून पुढच्या हंगामाला परत तोच मुकादम, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी म्हणून पोरींची लग्नं लहानपणीच उरकायची, आणि पाळीमुळे खाडा नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायची. आता यातलं आपल्याला नवीन काय होतं? पिशव्यांचं २०१९ लाच छापून आलेलं, सभागृहात गाजलं, सरकारी समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात साडेतेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पण फडातल्या बाईपासून कोक-पेप्सीच्या बाटलीपर्यंतची साखळी कोणी जोडली तर हजारो मैलांवरच्या पेपरने. बीडला पत्रकार नाहीत का? ढिगाने आहेत. त्यांना सहा महिने एकाच विषयामागे फिरायला पगार देणारं कोणी नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हा पैसा वाचकांनीच द्यायला पाहिजे.

स्टँडवरचा पेपर
सहा महिने? मी तालुका वार्ताहर होतो काही वर्षं, पेपरचं नाव नको. मानधन असं की पेट्रोलला पुरायचं नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंक, १५ ऑगस्ट, साहेबांचा वाढदिवस, गळीत हंगाम शुभारंभ. टार्गेट असायचं चक्क. आता मला सांगा, साखर कारखान्याच्या ज्या चेअरमनच्या केबिनबाहेर मी पुरवणीची अर्ध्या पानाची जाहिरात मागायला बसलोय त्याच्याच फडावरच्या बायकांच्या ऑपरेशनची बातमी मी लावणार? लावली तरी डेस्कवरून फोन येणार, अरे हे काय लावलंस, जाहिरात गेली ना. हे कोणा एका माणसाच्या वाईटपणाचं नाहीये, धंदाच तसा बांधलेला आहे. २००९ च्या विधानसभेला पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापायचा, जो बाजार उठला तो काय आभाळातून पडला नव्हता.

उगाच_एक
धंदा धंदा म्हणून नावं ठेवताय पण महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं शोधप्रकरण धंदेवाल्या मालकाच्याच पैशावर झालंय. १९८१, मुख्यमंत्री अंतुलेंचं प्रतिष्ठान आणि सिमेंट. बिल्डरने ट्रस्टला देणगी द्यायची आणि सिमेंटचा कोटा उचलायचा. अरुण शौरींनी एक्सप्रेसमध्ये छापलं, जानेवारी ८२ ला हायकोर्टाच्या लेंटिन साहेबांचा निकाल आणि मुख्यमंत्री घरी. कोणी क्यूआर कोड लावून वर्गणी मागितली नव्हती. पेपर खपायचा, जाहिराती यायच्या, त्यातून एक्सप्रेसचे मालक गोएंका पगार द्यायचे. वाचकाने चार-पाच रुपयात पेपर घ्यायचा आणि वर दानही करायचं, हे मला पटत नाही. नेटफ्लिक्सचा पासवर्ड शेजाऱ्याकडून घेणारी जनता आपली.

फडकरी
@उगाच_एक अहो पण गोएंका एकच होते ना. आणि त्या प्रकरणात कोर्टात गेले कोण, तर प. बा. सामंत आणि मृणाल गोरे. आज आधी असा मालक दाखवा ज्याचा रस्त्याचा, विजेचा, कॉलेजचा दुसरा धंदा नाही, मग बोलू.

जर्सी_सिटी
इकडे प्रोपब्लिका म्हणून शोधपत्रकारितेची ना-नफा संस्था आहे, तिला मी दर महिन्याला थोडे डॉलर देतो. सँडलर म्हणून एक श्रीमंत कुटुंब होतं, त्यांच्या पैशावर सुरू झालं आणि २०१० ला पुलित्झर मिळवलं. कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या हॉस्पिटलात अडकलेल्या पेशंट लोकांचं काय झालं ती स्टोरी. त्या एका स्टोरीचा खर्च तेव्हा चार लाख डॉलरच्या आसपास गेल्याचं बोललं जायचं, एक स्टोरी! मराठीत असं कोणी करत असेल तर आम्ही इथली मंडळी द्यायला तयार आहोत, पण एफसीआरए, तो विदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो म्हणतात.

व्हाउचर
@जर्सी_सिटी पासपोर्ट कुठला त्यावर आहे. भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, मग ओसीआय म्हणजे भारतीय वंशाचं कार्ड असलं तरी, तुम्ही विदेशी स्रोत. आणि बातम्यांच्या धंद्यातल्यांना तर विदेशी देणगी घ्यायलाच बंदी आहे. गुंतवणुकीचंही तेच, डिजिटल बातम्यांत परकी भांडवल २६ टक्क्यांच्या वर नाही. हफपोस्ट या अमेरिकी न्यूज साइटचं भारतातलं दुकान २०२० ला बंद झालं त्यामागे हेच. इलेक्टोरल बाँडची कागदपत्रं २०१९ ला तिथेच छापून आली होती, ते दुकान.

शंकासुर
देशी दात्यांची पण गंमत ऐका. बंगळुरूला २०१५ ला एक फाउंडेशन निघालं, आयपीएसएमएफ, विप्रोचे प्रेमजी वगैरे बड्या लोकांचा पैसा, स्वतंत्र मीडियाला अनुदान द्यायचे. सप्टेंबर २०२२ ला इन्कम टॅक्सवाले दारात. रिपोर्टर्स कलेक्टिव्ह, म्हणजे हफपोस्टमध्ये ती बाँडची कागदपत्रं छापणाऱ्या पत्रकाराची टीम, तिचा ना-नफा दर्जा जानेवारी २०२५ ला काढून घेतला. म्हणजे एका सरकारी सहीवर संस्था लटकलेली. आणि सही नाही झाली तरी माझा प्रश्न राहतोच, उद्योगपतीच्या देणगीवर चालणारा पत्रकार त्या उद्योगपतीची फाइल उघडणार का? कारखान्याच्या जाहिरातीपेक्षा हे वेगळं कसं, मिंधेपणा तो मिंधेपणाच, फक्त इंग्रजी बोलणारा.

फडकरी
म्हणून तर मी वाचक म्हणतोय!! फ्रान्सची मीडियापार्ट ही न्यूज साइट बघा, २००८ पासून आहे, एकही जाहिरात नाही, नुसत्या वर्गणीवर, आणि फायद्यात. मंत्र्यांना घरी बसवलंय त्यांनी. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. त्यातल्या पन्नास हजारांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर महिन्याला पन्नास लाख होतात.

उगाच_एक
कागदावर सगळंच होतं हो. ते पन्नास हजार आणायचे कुठून? फ्रान्समध्ये मंत्र्याचं लफडं वाचायला लोक पैसे टाकतात, आपल्याकडे बातमी बाहेर पडली की तासाभरात स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर. वर्गणीदार संस्कृती होती आपल्याकडे, साप्ताहिकांची, माणूस, साधना. साधना आजही चालू आहे ते कौतुकाचंच. पण अनिल अवचटांसारखा माणूस गावोगाव हिंडून लिहायचा तो काय वर्गणीदारांच्या पगारावर नाही, घर डॉक्टर बायको चालवत होती म्हणून.

फडकरी
हे तर माझ्याच बाजूचं झालं ना. बायकोच्या पगारावर किती दिवस चालवायची पत्रकारिता?

राजापूरकर
तुम्ही सगळे पगाराचं बोलताय. आमच्याकडे फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली घातलं, रिफायनरीच्या जमिनींवर लिहायचे. कोकणात लिहिणाऱ्याला फक्त पगार देऊन भागत नाही, वकील लागतो, विमा लागतो, वाईट प्रसंग आला तर घरच्यांना दोन वर्षं सांभाळेल असं कोणी लागतं. मानहानीची केस तालुक्याच्या नाही तर भलत्याच जिल्ह्याच्या कोर्टात टाकतात, नुसत्या तारखांना जाऊन माणूस संपतो. हा खर्च तुमच्या शंभर रुपयात कुठे बसवलाय?

स्टँडवरचा पेपर
+१. आमच्यावर नोटीस आली की पेपर म्हणायचा, हा आमचा कर्मचारीच नाही.

जर्सी_सिटी
मग एकेका स्टोरीसाठी क्राउडफंडिंग करा ना. विषय सांगा, बजेट मांडा, वकिलासकट. पैसे जमले की काम सुरू. मी पहिला.

शंकासुर
वा. म्हणजे 'अमुक कारखान्याच्या पीएफ घोटाळ्यासाठी तीन लाख हवेत' असा बोर्ड लावायचा. चेअरमन त्याच संध्याकाळी रजिस्टर बदलून घेईल, आणि तीन लाखांत पहिली देणगी त्याच्याच विरोधकाची असेल.

फडकरी
हे बरोबर आहे, विषयाला पैसे देऊन चालणार नाही. माणसाला द्यायचे, वर्षभराचे, आणि विषय विचारायचा नाही. दोनतीन जाणत्या संपादकांनी निवड करायची, वकिलाचा निधी वेगळ्या खात्यात.

उगाच_एक
म्हणजे मी पैसे द्यायचे, कशाला ते विचारायचं नाही, वर्षाअखेर काही छापून येईलच असंही नाही, कारण शोधात काही सापडलं नाही तर नाही. हे तुम्ही सातारच्या निवृत्त शिक्षकाला समजावून दाखवा.

फडकरी
सातारच्या शिक्षकालाच आधी विचारतो. उसाच्या पैशातून झालेल्या शाळेत शिकवलंय त्यांनी, त्यांना 'उचल' म्हणजे काय हे समजवायला लागणार नाही.

व्हाउचर
ते होईल तेव्हा होईल, खातं काढताना ट्रस्ट नको, साधी कंपनी काढा आणि वर्गणीवर जीएसटी भरा. देणगीची पावती फाडली की परत सहीचा प्रश्न.